पाचवा प्रश्न

"पेशंटचं नाव?" काचेपलीकडच्या बाईनं विचारलं आणि माझं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. नाव माहीत नव्हतं असं नाही. नऊ वर्षं एका छताखाली राहतेय मी त्यांच्याबरोबर. गुडघ्यांच्या गोळ्या कुठल्या, चहात दूध किती, मालिकेतली कुठली बाई डोळ्यांसमोर नको, सगळं मला पाठ. नावही जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं, फक्त तिथून पुढं सरकेना. "आपा," मी म्हटलं. आमच्याकडं आईला, आजीला, सासूला, सगळ्यांना आपाच म्हणतात. काचेपलीकडची बाई सकाळी नऊलाच दमलेली. "इथं येतात त्या सगळ्या आपाच असतात, ताई. नाव सांगा, नाव." माझ्यामागं रांग वाढत होती. फेब्रुवारीचा शेवट, अल्माटीच्या रस्त्यांवर बर्फाचा नुसता राडा, प्रत्येकाच्या बुटांखाली काळं पाणी साचलेलं. "सासूबाई आहेत माझ्या," मी म्हटलं, जणू त्यानं काही सुटणार होतं. तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडला, "अगं, सून आहे ती! सून कशी घेईल नाव? ओळखपत्र दे पोरी, ओळखपत्र सरकव आत!" अख्खी रांग हसली. मीही हसले, ओळखपत्र काचेखालून सरकवलं, पण कानांच्या पाळ्या तापल्या त्या तापल्याच. मी तशी तोंडाळ बाई. गोदामातल्या ड्रायव्हरांशी मी ज्या भाषेत बोलते ती ऐकून माझा नवरा फोन कानापासून लांब धरतो. छत्तीस वर्षांची, शिकलेली, हातात दोन फोन, आणि पाच अक्षरी एका नावापुढं माझं घोडं अडलं! कप्पाळ माझं.

मग भिंतीवरच्या कर्ण्यातून नाव आलं. आडनाव, नाव, सगळं पुरं, खणखणीत, आणि बारा नंबरच्या खोलीत या म्हणून. आपा लांबच्या बाकावर बसल्या होत्या. घरून निघताना त्या गोळ्या विसरतील, चष्मा विसरतील, पण आरशापुढं उभं राहून भुवयांवरून पेन्सिल फिरवायचं काही विसरत नाहीत; सत्तरी उलटली तरी. तशाच त्या रेखीव भुवया उंचावून त्या उठल्या, डोक्यावरच्या रुमालाची गाठ सारखी केली आणि शाळेत बक्षिसाला नाव पुकारावं तशा ताठ चालत निघाल्या. गुडघे दुखतायत म्हणून आणलं होतं मी त्यांना! व्हरांड्यात माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "किती स्वच्छ म्हणाली गं ती. पुरं म्हणाली. मधलं काही खाल्लं नाही." मी म्हटलं, "हं." खरं सांगते, माझं लक्ष नव्हतं. माझ्या डोक्यात त्या क्षणी पाचव्या प्रश्नानं असा काही उजेड पाडला होता की मला धड भिंती दिसत नव्हत्या. आणि हो, आपांचं नाव मी इथंही लिहिलेलं नाही हे एव्हाना ध्यानात आलं असेल. हाताला येत नाही, काय करू.

पाचवा प्रश्न म्हणजे आमच्या दुकानाचा. दुकान म्हणजे भिंती-दरवाजे असलेलं नव्हे, फोनवरचं. नाव 'तोर'. तोर म्हणजे घरात दारासमोरची, सगळ्यात आतली ती जागा, जिथं मोठ्या माणसांना बसवतात. आमचा सगळा माल त्या जागेवर बसणाऱ्यांसाठी. उंटाच्या लोकरीचं अस्तर लावलेल्या मखमली बंड्या, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सपाता, शाली, पातळ गाद्या. शहरातल्या पोरींनी फोनवर बोट ठेवायचं आणि किझिलोर्दाकडच्या कुठल्यातरी खेड्यात सासूच्या अंगावर बंडी चढायची. दुकान सान्झारचं, पण कल्पना माझी आणि पहिली बंडी आपांची. सहा वर्षं घरी बसून मुलाला वाढवल्यावर एक दिवस मी आपांना त्यांच्या जुन्या बंडीचं कापड बेतताना बघत होते, आणि म्हटलं, अशा बंड्या कुणाला नको असतील? आपा तोंडात टाचण्या धरून म्हणाल्या, "सगळ्यांना हव्या असतात. द्यायचं मनात पण असतं. हात पोचत नाही, एवढंच." ते वाक्य मी सान्झारला जसंच्या तसं ऐकवलं आणि त्यानं दुकान काढलं. म्हणून दुकान बुडायला लागलं तेव्हा मला नोकरी जाण्यापेक्षा त्या टाचण्यांचं जास्त वाईट वाटत होतं. आपांना कुठल्या तोंडानं सांगायचं की हात अजून पोचत नाही?

सान्झार एकोणतीस वर्षांचा, दोन वर्षं परदेशी शिकून आलेला, आणि तिथून त्यानं एकच शब्द आणलेला : अडथळा. त्याला सगळीकडं अडथळेच दिसतात. समोसा खातानाही म्हणतो, कागद दोनदा गुंडाळलाय, अडथळा. "गिऱ्हाईक म्हणजे उतारावरचं पाणी, दामेलीताई. खडा लागला की वळलं. आणि वळलं की ते थेट त्या मोठ्या अॅपच्या तळ्यात." मोठं अॅप म्हणजे ज्याच्यावर लोक फ्रिजपासून नखं कापायच्या कात्रीपर्यंत सगळं घेतात, त्यांनीही गेल्या हिवाळ्यात बंड्या ठेवल्या होत्या, आमच्याहून स्वस्त. सान्झारनं नवरोजपर्यंतची, म्हणजे मार्चातल्या नव्या वर्षापर्यंतची मुदत घातली होती. तोवर टोपलीत टाकलेला माल लोक शेवटपर्यंत नेऊन घेतायत असं दिसलं तर ठीक, नाहीतर 'तोर'ला कुलूप, गोदाम भाड्यानं, आणि आम्ही आपापल्या घरी. वाईट माणूस नव्हे हं तो. हे सांगताना त्याचाच चेहरा पडला होता. तीन आठवडे उरले होते, आणि शंभरातल्या साठ जणी बंडी आणि रंग निवडून माप टाकत, गाव लिहीत, आपला नंबर देत, घेणाऱ्याचा नंबर देत, आणि पाचव्या प्रश्नाशी येऊन अंतर्धान पावत. आम्ही काय काय नाही केलं! बटण हिरवं केलं, निळं केलं, पुन्हा हिरवं केलं. अक्षरं मोठी केली. पैसे द्यायची पायरी एका बोटावर आणली. झुल्दीझ, म्हणजे आमच्या फोनवरची पोरगी, म्हणाली, "आता आपणच त्यांच्या घरी जाऊन त्यांचं बोट दाबून येऊ या." आणि तो पाचवा प्रश्न काय होता, तर 'घेणाऱ्याचं संपूर्ण नाव, ओळखपत्रावर आहे तसं'. इतका साधा की त्याच्याकडं कुणी बघितलंच नाही. ज्यानं लिहिला तो सान्झार पुरुष माणूस, अजून लग्न न झालेला. त्याला कुणाचं नाव घ्यायला कसली चोरी?

पण मला? मला कळायला नको होतं? ट्रॉलीबसमधून परत येताना आपा खिडकीशी डुलक्या घेत होत्या आणि मी स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत होते. माझ्या आईनं जन्मात माझ्या आजोबांचं नाव उच्चारलं नाही. आजोबांचं नाव बाल्ताबाय, आणि बाल्ता म्हणजे कुऱ्हाड, म्हणून आईनं कुऱ्हाडीचंही नाव टाकलं. ती कुऱ्हाडीला 'चिरणारी' म्हणायची. "दामेली, ती चिरणारी आण गं बाहेरून." मी शाळेत पहिल्यांदा कुऱ्हाडीचं चित्र बघून 'चिरणारी' म्हटलं तेव्हा वर्ग हसून लोटपोट झाला होता, आणि मी रडत घरी आले तर आई पण हसली आणि आजोबा तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांच्या हसण्यात काय लाड होता! सून आपल्यासाठी भाषेतला एक शब्द रिकामा ठेवते म्हणजे केवढा मान. थोरल्या दिरांना ती 'डोंगराकडचे' म्हणे, धाकट्याला 'कुरळे', नणंदेला 'आरसेवाली'. ही नावं तिनं पहिल्या वर्षात, घुंगटाआडून एकेकाला न्याहाळत ठेवलेली. आणि मरेपर्यंत त्या माणसांना ती चिकटली. आरसेवाली आत्या म्हातारी होऊन आरशात बघायची थांबली तरी आरसेवालीच राहिली. मला वाटायचं हे सगळं मी गावाकडं ठेवून आले. अल्माटीत कोण पाळतं? कुणी कुणाला सांगतसुद्धा नाही पाळ म्हणून. आपांनी मला एका शब्दानं कधी सांगितलं नाही. पण फोनमध्ये माझ्याकडं त्या 'आपा' आहेत, मुलाच्या शाळेच्या कागदावर मी 'आजी' लिहून ठेवलंय, आणि नऊ वर्षांत एकदासुद्धा, एकटी असताना, न्हाणीघरात, कुठंही, ते नाव मी तोंडातून काढलेलं नाही. हे मला त्या काचेपुढं उभं राहीपर्यंत माहीतच नव्हतं. आपल्याच अंगावरचा तीळ दुसऱ्यानं दाखवावा तशी मी चक्रावून गेले होते, आणि खरं सांगायचं तर मनातून नाचतही होते.

आपांना घरी सोडून मी तशीच गोदामात गेले आणि बूट न काढता सान्झारपुढं उभी राहिले. "सान्झार, तुझ्या होणाऱ्या बायकोची दया येते मला." तो म्हणाला, "आता काय केलं मी?" मी त्याला काचेची गोष्ट सांगितली. तो हसला, मग म्हणाला, "ताई, हे जुन्या बायकांचं. आपल्या गिऱ्हाईक पंचविशीतल्या पोरी आहेत. नखं बघा त्यांची." मी म्हटलं, "झुल्दीझ, लाव फोन. आज पाचव्या प्रश्नाशी पळालेल्या पहिल्या तिघींना लाव, आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेव." पहिली म्हणाली, "अय्या, हो, बंडी राहिलीच! सासऱ्यांचं नाव विचारलं ना तुम्ही. म्हटलं नवऱ्याला फोन करून त्याच्याकडून लिहून घेऊ. तो विहिरींवर आहे तेलाच्या, रेंजच नाही. मग राहिलं." दुसरी चिडली. "तुम्हाला घरात मोठी माणसं नाहीत का हो? सासूबाईंचं नाव मी असं उघडंवाघडं टाइप करू? आणि ते पुडक्यावर छापून गावभर फिरणार?" तिसरी अगदी हळू म्हणाली, "मला माहीतच नाही हो त्यांचं नाव. लग्नाला दोन वर्षं झाली. आता कुठल्या तोंडानं विचारू?" झुल्दीझनं फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून हसायला लागली, तिचं पोट हलत होतं. सान्झार मात्र हसला नाही. तो हळूच म्हणाला, "आणि आपण बटणाचा रंग बदलत बसलो." त्या क्षणी मला त्याचं फार कौतुक वाटलं. स्वतःच्या चुकीकडं असा सरळ बघणारा पुरुष दुर्मीळ.

दोन दिवसांत पाचवा प्रश्न बदलला. ओळखपत्र गेलं. त्याजागी आलं : 'घरी त्यांना काय म्हणता?' बाकी ओळख पटवायला घेणाऱ्याच्या फोनवर चार आकडे जायचे. कुरियरनं ते विचारायचे, जुळले की पुडकं हातात. आणि एकदा लिहिलं की पुढच्या वेळी सगळं लक्षात ठेवलेलं. फोन उघडला की फक्त विचारायचं, 'डोंगराकडच्यांना अजून काही?' बोट टेकवलं की झालं. मी सान्झारला म्हटलं, "बघ हं, नाहीतर तोंडघशी पडू." तो म्हणाला, "पडलो तर मऊ बर्फ आहे." पण पडलो नाही. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत पाचव्या प्रश्नाशी पळणाऱ्या निम्म्यावर आल्या, आठवड्यानं शंभरात दहा-बारा. आणि नुसत्या नव्या नव्हेत. महिनाभरापूर्वी टोपली तशीच टाकून गेलेल्या पोरी परत येऊन तीच टोपली उचलून नेत होत्या. गेल्या हिवाळ्यात मोठ्या अॅपकडं वळलेल्याही यायला लागल्या. बंडी तिथं स्वस्त होती, पण तिथं नाव लिहावं लागत होतं! त्यांचा म्हणे सगळ्या देशाला एकच प्रश्नांचा कागद, एका बंडीसाठी कोण बदलणार. आम्ही चार माणसं एका गोदामात, आम्हाला बदलायला एक दुपार पुरली. सान्झार रोज सकाळी फळ्यावर आकडा लिही आणि त्याच्याभोवती एक गोल काढी. आठव्या दिवशी गोलाला त्यानं डोळे आणि मिश्या काढल्या.

पण मला त्या आकड्यांपेक्षा ती नावं आवडायला लागली होती. आमच्याकडं पुडकं बांधताना एक पद्धत आहे : एकीनं चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, दुसरीनं पुडक्यावर बघून तेच परत म्हणायचं, म्हणजे अदलाबदल होत नाही. झुल्दीझ वाचायची आणि मी परत म्हणायचे. "पांढऱ्या आजी, शाल करडी!" "पांढऱ्या आजी, शाल करडी!" "चष्मेवाले, सपाता चव्वेचाळीस!" "पहाटे उठणारे!" "मोठ्या घरचे!" "गाणारे काका!" "खारे जर्दाळू!" इथं मी थांबले. "हे काय नाव झालं?" "लिहिलंय ताई. सासूबाई असणार. मला तर त्या दिसल्यासुद्धा." आम्ही दोघी असल्या हसायचो की सान्झार कानांना कापूस लावायचा. एका खेड्यात कुरियरनं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून "पांढऱ्या आजी कोण?" म्हणून पुकारलं तर तिघी बाहेर आल्या आणि तिघींनी हात पुढं केले. आकडे होते म्हणून निभावलं. मग सान्झारच्या डोक्यात पुन्हा त्याचा जुना किडा वळवळला. "ताई, आकडे आहेत, नंबर आहे. मग हा प्रश्न तरी कशाला? काढून टाकू. चार प्रश्न पाचांपेक्षा कमी." मी ओरडेपर्यंत त्यानं काढलासुद्धा. दुसऱ्या दिवशी झुल्दीझचा फोन घणघणायला लागला : "अहो, ते नाव लिहायचं कुठं?" "मी 'आमची उन्हाळी आई' असं लिहिणार होते, जागाच नाही." काही जणींनी गावाच्या रकान्यात लिहिलं, आणि एक पुडकं 'लाडोबा' नावाच्या गावाला निघालं होतं, ते झुल्दीझनं दारातून परत ओढलं. संध्याकाळी सान्झारनं प्रश्न मुकाट्यानं परत ठेवला. "मला वाटायचं प्रश्न म्हणजेच खडा," तो म्हणाला. मी म्हटलं, "ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणसाला आवडतं तो खडा नसतो, राजा." इतकं शहाणं वाक्य माझ्या तोंडून गेलेलं बघून मीच माझी पाठ थोपटली.

त्या आनंदात एक बारीक खडा मात्र माझ्याच बुटात होता. नेमका कुठं टोचतोय ते सापडत नव्हतं. एक दिवस चहाला बसलो होतो, मी आणि आपा. चहा मी ओतत होते, पेला अर्ध्याहून कमी भरत, मानाच्या माणसाला भरतात तसा. माझाही नवरा तेलाच्या विहिरींवर होता, अजून दोन आठवडे येणार नव्हता. मी आपांना दुकानाची सगळी गंमत सांगत होते. खारे जर्दाळू ऐकून त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग तळलेल्या पावाचा, बाउरसाकचा, तुकडा मोडता मोडता म्हणाल्या, "मग आता कुरियर दारात येऊन काय म्हणतो?" "आकडे विचारतो. चार आकडे." "नाव नाही घेत?" "गरजच नाही आता, आपा. तीच तर गंमत आहे!" "हं," आपा म्हणाल्या. माझा फोन वाजला, सान्झारचा, फळ्यावरच्या गोलाचा फोटो. मी तो बघत असताना त्या पुढं म्हणाल्या, अगदी सहज, बाहेर ऊन पडलंय म्हणावं तशा : "नावानं हाक मारणारी माणसं आपल्याहून मोठी असतात ना. ती आधी जातात." मी फोनवरून मान वर केली. त्या हसतच होत्या. "तुझे सासरे तर मला 'ऐकलंस का' म्हणायचे. चाळीस वर्षं 'ऐकलंस का'. ऐकायचे मी पण." मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "अजून चहा?" त्यांनी पेला पुढं केला. किती मूर्ख असतो माणूस!

नंतर ट्रॉलीबसमध्ये, गोदामात, पुडक्यांच्या ढिगात मला तो दवाखान्याचा व्हरांडा पुन्हा पुन्हा दिसायला लागला. 'किती स्वच्छ म्हणाली गं ती. पुरं म्हणाली.' मी हं म्हटलं होतं. मी शेकडो पोरींना त्या एका आवंढ्यातून सोडवलं, त्याचा मला अभिमान आहे, कुणी काही म्हणो. पण त्या प्रत्येक आवंढ्याच्या पलीकडं एक बाई बसलेली होती, जिला सगळे मानानं आपा म्हणतात, पांढऱ्या आजी म्हणतात, उन्हाळी आई म्हणतात, आणि जिचं खरं नाव आता फक्त दवाखान्याच्या कर्ण्याला येतं. माझ्या आईलाही शेवटी शेवटी कुणी नावानं हाक मारली असेल का? मला आठवेना. मान देता देता आपण माणसाचं काही काढून घेतो की काय, असं वाटून मला एकदम भरून आलं, आणि झुल्दीझनं वाचलेली चिठ्ठी मी दोनदा चुकीची म्हटली. ती म्हणाली, "ताई, झोपा जरा." आणि तरी, घरी जाऊन आपांसमोर नाव घ्यायचं? छे! सुनेनं सासूला नावानं हाक मारायची, म्हणजे तोंडावर पाणी फेकण्यासारखंच. मला ते करायचं नव्हतं, मला त्यांचा मानही ठेवायचा होता. दोन्ही कसं करावं ते सुचेना.

नवरोजच्या आदल्या दिवशी सान्झारनं केक आणला आणि जाहीर केलं की 'तोर' चालू राहणार, गोदाम भाड्यानं जाणार नाही, उलट शेजारचं घेऊ या का? झुल्दीझनं त्याच्या गालाला केकचं क्रीम लावलं. त्या धांदलीत दुपारी तीनच्या सुमारास शेवटच्या चिठ्ठ्या छापून आल्या. झुल्दीझ वाचत होती, मी परत म्हणत होते. "मधाळ मावशी, सपाता सदतीस!" "मधाळ मावशी, सपाता सदतीस!" मग ती थांबली. "ही कोण? हिनं तर चक्क पुरं नाव लिहिलंय." आणि तिनं वाचलं. मी पुडकं हातात धरून उभीच राहिले. पत्ता आमचा होता, फाटक, जिना, घर नंबर, सगळं. पाठवणाऱ्याचा नंबर आपांचा, घेणाऱ्याचाही आपांचा. माल कुठला, तर मखमली बंडी, जांभळी, उंटाच्या लोकरीचं अस्तर. म्हणजे जिचं कापड त्यांनी स्वतः बेतलं होतं तीच. 'घरी त्यांना काय म्हणता?' या प्रश्नाच्या उत्तरात त्यांनी आपलं आडनाव आणि नाव लिहिलं होतं. आणि वर कुरियरसाठी सूचना लिहायचा जो रकाना आहे, ज्यात लोक 'कुत्रा चावत नाही' वगैरे लिहितात, तिथं लिहिलं होतं : 'आकडे नकोत. दारात नाव घ्यावे.' सगळं मिळून एका मिनिटाचं काम. त्यांना कुणी शिकवलंही नव्हतं. झुल्दीझ म्हणाली, "ताई, परत म्हणा की. नाहीतर अदलाबदल होईल." मी म्हटलं, "हे पुडकं मी नेते. कुरियर नको." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुढची चिठ्ठी उचलली.

मी घरी पोचले तेव्हा ऊन अजून डोंगरांवर होतं आणि कुठल्यातरी घरातून नवरोजच्या आंबिलीचा वास जिन्यात उतरला होता. किल्ली माझ्या खिशात होती. मी ती काढली नाही. पुडकं काखोटीला मारून दारापुढं उभी राहिले, टोपी कपाळावर खाली ओढली, आणि माझं काळीज लग्नाच्या दिवशी धडधडलं नव्हतं इतकं धडधडत होतं. घंटी वाजवली. आतून टीव्हीचा आवाज बंद झाला. सपातांची फरफट जवळ आली, आणि दारामागून आपांचा आवाज आला, "कोण आहे?" "कुरियर," मी म्हटलं. मग अगदी शांत : "कुणाकडं आलात?" सून नव्हते मी त्या घडीला. कुरियर होते. आणि कुरियरला कोण अडवतं? मी श्वास घेतला आणि पुरं म्हटलं, स्वच्छ, मधलं काही न खाता. "ओराझोवा कलमकास. कलमकास इथंच राहतात का?" कलमकास, म्हणजे कलमानं रेखलेल्या भुवयांची. पहिल्यांदाच ते माझ्या कानांनी माझ्याच आवाजात ऐकलं, आणि किती सुंदर नाव होतं ते! दार उघडायला त्यांना जरा वेळ लागला. उघडलं तेव्हा भुवयांवरून पेन्सिल नुकतीच फिरवलेली होती, एक जरा वर गेली होती. त्यांनी दोन्ही हात पुढं करून पुडकं घेतलं.

"राहते," त्या म्हणाल्या. "इथंच राहते मी."